नीसमधली दुकानं

१४ मे २००५, शनिवार. नावन, आयर्लंड.

ही डायरी जानेवारीत औषध कंपनीच्या माणसाने फुकट दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी ब्लडप्रेशरच्या गोळीची जाहिरात आहे. साडेचार महिने कोरी पडली होती. आज उघडली, कारण अण्णा रोज सकाळी चहाच्या आधी आपली डायरी लिहितात आणि काल मला म्हणाले, "तू लिहीत नाहीस का गं आता? शाळेत असताना लिहायचीस." शाळेत असताना मी झोपायचेही.

अण्णा बुधवारी आले. आई गेल्यापासून तीन वर्षं आम्ही बोलावतोय आणि ते कराड सोडायला तयार नव्हते. मार्चमध्ये अचानक त्यांचाच फोन, "येतो म्हणतो मे महिन्यात. आशूला बघायचंय." राजीवने लगेच आयर्लंडच्या व्हिसाचे कागद पाठवले आणि स्वतःची जुनी हौसही पुढे सरकवली. इथून विमानाने दोन-अडीच तासांवर फ्रान्सचा समुद्रकिनारा आहे, नीस म्हणून शहर, श्रीमंतांचं. जूनच्या बँक हॉलिडेला, म्हणजे सोमवारच्या जोडसुट्टीला, अण्णांना तेही दाखवू. अण्णांनी मुंबईला खेपा घालून फ्रान्सचा व्हिसाही आणला. मला वाटलं होतं नाही म्हणतील.

आज हॉस्पिटलमधून दुपारी घरी आले तेव्हा सलग ड्युटीचे बत्तीस तास झाले होते. अण्णांनी वरणभात लावला होता. जेवताना माझा डोळा लागला आणि घास ताटात पडला म्हणे. आशूने त्यांना समजावलं, "ममी'ज ग्रँड, आजोबा. शी ऑलवेज डझ दॅट." सात वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इथल्या पोरांच्या हेलात.

१९ मे, गुरुवार

आशूला शाळेतून आणायचं काम अण्णांनी स्वतःहून घेतलं आहे. रस्ता पंधरा मिनिटांचा. आशू म्हणते पस्तीस लागतात, कारण आजोबा आधी चर्चच्या भिंतीवर बसतात आणि मग बसस्टॉपवर. विचारलं तर म्हणाले, "तुमच्याकडचा वारा समोरून येतो. दम खात खात यावं लागतं." सदाशिवगडाच्या पायऱ्या दर रविवारी आमच्याआधी चढून वर शेंगदाणे खात बसणारा हा माणूस. अडुसष्ट म्हणजे वय झालंच म्हणा. पण मला वाटतं त्यांना इथे करमत नाही. करमणार कसं? लेक दिवसातून दोन तास दिसते, तीही आडवी.

म्हटलं, बसा, ब्लडप्रेशर तरी बघते. तर म्हणाले, "राहू दे. तू दिवसभर पेशंटच बघतेस. घरात एक तरी माणूस पेशंट नसलेला असू दे." खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. मशीन वरच्या कपाटात होतं आणि स्टूल आणावं लागलं असतं.

२४ मे, मंगळवार

राजीव आणि मी दोघंही सकाळी सहापासून डब्लिनला नदीकाठच्या इमिग्रेशन कचेरीच्या रांगेत. आयर्लंडमधून बाहेर पडलं की परत आत यायला आम्हाला पासपोर्टवर वेगळा शिक्का लागतो. पाच वर्षं इथे राहतोय, कर भरतोय, तरी लागतो. आम्हाला एकाच खेपेचा मिळाला. चार दिवसांच्या ट्रिपसाठी चार तास उभं राहणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. रांगेत उभ्या उभ्या झोपले. पुढच्या नायजेरियन बाईने दोनदा हलवून पुढे सरकवलं.

२९ मे, रविवार

राजीवने नीसचं वेळापत्रक छापून आणलं. कॉम्प्युटरवाल्या माणसाशी लग्न केलं की असं होतं. चार दिवस, एकोणीस पॉइंट, प्रत्येकापुढे वेळ. समुद्रकाठचा मोठा रस्ता, फुलांचा बाजार, किल्ल्याची टेकडी, गुलाबी घुमटाचं हॉटेल, रशियन चर्च, रविवारी ट्रेनने मोनॅको. मला यातला एकच पॉइंट हवा आहे: हॉटेलची खोली, पडदे ओढलेली.

हे मी बोलले नाही. अण्णा तीन महिन्यांसाठी आलेत आणि त्यातले तीन आठवडे माझ्या ड्युट्यांनी खाल्ले. हे चार दिवस तरी मी पूर्ण त्यांची असेन असं ठरवलंय. यासाठी तीन ड्युट्या बदलून घेतल्या आणि त्या बदल्यात पुढच्या महिन्यात मरायचं कबूल केलं. मंगळवारी सकाळी आठला हजर नसले तर माझ्या साहेबांपुढे तोंड दाखवायला जागा नाही. जुलैपासून पुढच्या सहा महिन्यांचं काँट्रॅक्ट त्यांच्याच शिफारशीवर लटकलंय.

वेळापत्रक अण्णांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. छत्तीस वर्षं तहसील कचेरीत काढली, त्यातली शेवटची अव्वल कारकून म्हणून. कागद पूर्ण वाचल्याशिवाय खाली ठेवत नाहीत. टेकडीपाशी बोट ठेवून विचारलं, "इथे लिफ्ट आहे का?"

१ जून, बुधवार

अण्णांनी मोठी बॅग भरली. चार दिवसांसाठी तेवीस किलोची बॅग. स्वेटर, शाल, दोन्ही बूट, सगळी पुस्तकं. मी चिडले. म्हटलं, अण्णा, नीसला ऊन आहे, शाल काय करायचीय? "असू दे गं. समुद्राचा वारा असतो." मग मी ओढणार ती, तुम्ही तर हल्ली पिशवीही आशूच्या हातात देता, असं बोलून गेले. नंतर वाईट वाटलं. दमलं की माझ्या तोंडातून असलंच काहीतरी बाहेर पडतं.

२ जून, गुरुवार. नीस.

पोचलो. ऊन असं की आयर्लंडमध्ये पाच वर्षं आपण फसवले गेलो असं वाटावं. समुद्र निळा, रस्त्याकडेला ताडाची झाडं, आणि माणसं अशी कडक इस्त्रीची की आमच्या चौघांचे कपडे बॅगेतून काढलेले ताबडतोब ओळखू येतात.

किनाऱ्यावर वाळूच नाही, नुसते गोटे. राजीवचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. अण्णा म्हणाले, "एवढं नाव आणि वाळू नाही? आपली कृष्णा बरी." समुद्रकाठच्या रस्त्यावर निळ्या खुर्च्या मांडलेल्या असतात, कुणीही बसावं. मी पाच मिनिटं म्हणून बसले.

जागी झाले तेव्हा पावणेदोन तास गेले होते. तोंडावर अण्णांची टोपी होती. ते शेजारच्या खुर्चीत उघड्या डोक्याने समुद्राकडे बघत बसलेले. राजीव आणि आशू दोन पॉइंट उरकून आले होते. म्हटलं, तुम्हीही जायचं होतं ना. म्हणाले, "मला इथेच बरं आहे. बसायला मिळालं की झालं."

३ जून, शुक्रवार

फुलांचा बाजार. तिथे हरभऱ्याच्या पिठाचं एक मोठं धिरडं विकतात, तव्यावरून खरवडून कागदात देतात. अण्णांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "एवढं विमानाने आणलंत आणि बेसनाचं धिरडंच खायला घातलंत." पण खूश होते. अर्धं मला दिलं. हल्ली जेवणही कमी झालंय त्यांचं, पोट जड वाटतं म्हणतात.

तिथून जुन्या गावातल्या गल्ल्या, मग मोठा बाजार. आणि इथे मला अण्णांचं नवलच वाटलं. ज्या माणसाने आयुष्यात मंडईखेरीज कुठे खरेदी केली नाही, दिवाळीचे कपडेही आईने आणले तेच घातले, तो माणूस आज प्रत्येक दुकानाच्या काचेपुढे थांबत होता. घड्याळं, पर्स, बायकांचे पोहण्याचे कपडे, कशापुढेही. दोन मिनिटं, तीन मिनिटं. राजीव पुढे जाऊन घड्याळ बघतोय, मी मध्ये ताटकळत. म्हटलं, काही घ्यायचंय का? मानेनेच नाही म्हणाले. तोंडात सुपारी होती बहुतेक. आजकाल एक छोटी डबी खिशात असते आणि ती तोंडात टाकली की बोलत नाहीत.

आशू हॉटेलवर आल्यावर म्हणाली, "ही वॉजन्ट लुकिंग ॲट एनिथिंग, ममी. हिज आइज वेअर शट." मी म्हटलं, ऊन लागत असेल डोळ्यांना. आणि डबीतली गोळी मागितली तर देत नाहीत म्हणाली, आजोबा इतके कंजूष कधीपासून झाले. हसले आणि झोपले. कपडेही बदलले नाहीत.

४ जून, शनिवार

आज भांडण झालं. लिहू नये असं वाटतं, पण लिहिते.

किल्ल्याची टेकडी. किल्ला नाहीच वर, कधीच पाडला म्हणे. पण दृश्य आहे, धबधबा आहे, आणि बरोबर बारा वाजता रोज तोफ उडते. राजीवला अकरा पंचावन्नला वर पोचायचं होतं. लिफ्टपुढे ही रांग. राजीव म्हणाला, पायऱ्याच आहेत, चला. अण्णा म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी इथे खालीच बसतो."

मी बोलायला नको होतं. म्हटलं, अण्णा, तीन दिवस बघतेय, तुम्हाला कशातच रस नाही. आम्ही जीव तोडून आणलं आणि तुम्ही दुकानं बघता, खुर्च्यांवर बसता. आईबरोबर असतात तर धावत चढला असतात. हे शेवटचं वाक्य मी का बोलले, मलाच ठाऊक नाही.

अण्णा उठले आणि चढायला लागले. वीसेक पायऱ्यांवर थांबले, कठडा धरून समुद्राकडे पाठ करून. सगळे समुद्राकडे बघतात आणि हे भिंतीकडे. मग आणखी पंधरा. कपाळावर घाम, रंग उतरलेला. मला वाटलं रागाने. तोफ उडाली तेव्हा आम्ही निम्म्यातही नव्हतो. राजीवने वेळापत्रकाची घडी करून खिशात टाकली. तो एवढा भला माणूस आहे की त्याच्यावर धड चिडताही येत नाही.

अण्णा दहा मिनिटं पायरीवर बसले. मग माझा हात धरून म्हणाले, "चल, उतरू. उतरायला मला काही त्रास नाही." हात गार होता.

५ जून, रविवार

राजीव आशूला घेऊन मोनॅकोला गेला. मी आणि अण्णा दिवसभर निळ्या खुर्च्यांवर. कालचं काही निघालं नाही. मी सॉरी म्हणाले, ते म्हणाले, "अगं, बारा तर कधीच वाजलेत माझे, तोफ कशाला ऐकायला पाहिजे." दोघंही हसलो.

किती तरी वर्षांनी एवढं बोललो. आईबद्दल, कराडच्या घराबद्दल. मध्येच म्हणाले, "दुसऱ्या खणात सगळे कागद लावून ठेवलेत. प्रत्येक फायलीवर नाव आहे. तुला शोधावं लागणार नाही." म्हटलं, समुद्रावर बसून हे काय काढलंत? "कारकुनाची सवय."

मग विचारलं, "तुला इथे बरं वाटतं ना गं? आयर्लंडात?" मी म्हटलं, झोप पूर्ण झाली की सांगते. त्यांनी मान हलवली, ते उत्तर कुठेतरी नोंदवून घेतल्यासारखी. नंतर मी पुन्हा झोपले आणि पुन्हा तोंडावर टोपी होती.

या ट्रिपमधला हा एकच पॉइंट मला आवडला, आणि तो यादीत नव्हता.

६ जून, सोमवार

अण्णा आता आकाशात कुठेतरी असतील. आम्ही नावनला पोचलो आहोत, ते नाहीत.

सकाळी नीसच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने आमचे तिघांचे पासपोर्ट पाहून परत दिले आणि अण्णांचा ठेवून घेतला. पानं उलटली, पुन्हा उलटली, कुणाला तरी फोन केला. अण्णांचा आयर्लंडचा व्हिसा एकाच प्रवेशाचा होता. तो अकरा मेला वापरून झाला. आयर्लंडबाहेर पाऊल टाकलं तेव्हाच संपला. आता त्यांना डब्लिनच्या विमानात बसता येणार नाही.

आम्ही दोघांनी स्वतःच्या शिक्क्यासाठी चार तास रांग लावली आणि अण्णांच्या पासपोर्टकडे एकदाही पाहिलं नाही. राजीवने अर्जात मल्टिपल मागितला होता, मिळाला असेलच असं धरून चालला. मी त्याला सगळ्यांसमोर बोलले. एकोणीस पॉइंटची वेळ मिनिटामिनिटाने लिहिलीस आणि पासपोर्टवरचा एक शब्द वाचला नाहीस. तो गोरामोरा झाला.

शांत फक्त अण्णा होते. "त्याला बोलू नकोस. कागदापुढे कुणाचं काही चालत नाही." खिशातून छोटी वही काढली आणि ज्ञानेशला फोन लावायला सांगितलं. ज्ञानेश माझा चुलतभाऊ, कराडला त्याची ट्रॅव्हल एजन्सी आहे. वीस मिनिटांत त्याचा उलट फोन. दुपारी नीसहून पॅरिस, रात्री पॅरिसहून मुंबई, परतीच्या तिकिटातच बदल करून मिळाला, मुंबईला तो स्वतः गाडी घेऊन येतोय. बारा महिने ज्याचा फोन लागत नाही त्याने वीस मिनिटांत हे जमवलं. नशीब म्हणायचं. बॅगही सगळी बरोबर होती, तेही नशीबच.

मी म्हटलं, मी थांबते. पॅरिसला आपण दोघं जाऊ, तिथे आयर्लंडची वकिलात आहे, नवा व्हिसा मागू. म्हणाले, "आणि उद्याची ड्युटी?" मला 'असू दे ड्युटी' म्हणायचं होतं, आणि मंगळवारचे आठही दिसत होते. त्यांनीच सोडवलं. "जा तू. मला व्हीलचेअर सांगितलीय ज्ञानेशने, लांब चालायचा कंटाळा येतो. काही काळजी नाही."

आशूला जवळ घेतलं, बराच वेळ. मला म्हणाले, "झोपत जा गं." आमचं विमान आधी होतं. वळून पाहिलं तर खुर्चीत बसले होते, मांडीवर टोपी. हात हलवला. त्यांचा चेहरा काम उरकलेल्या माणसासारखा होता, आणि तेच मला लागलं.

७ जून, मंगळवार

आठला हजर झाले. संध्याकाळी अण्णांची खोली उघडली. पांघरुणाची घडी, उशीच्या अभ्र्याची घडी. कपाट रिकामं, खण रिकामे, एक मोजासुद्धा मागे राहिलेला नाही. स्वयंपाकघरात डिंकाच्या लाडवांचा डबा तेवढा, त्यावर आशूकडून शिकलेल्या शब्दासकट चिठ्ठी: "प्रेसमध्ये ठेवावा. मुंग्या नाहीत तरी." प्रेस म्हणजे इथल्या बोलीत कपाट.

म्हणजे निघताना परत न येण्याच्या तयारीनेच निघाले होते. एवढं नकोसं झालं होतं त्यांना माझं घर? तीन महिन्यांसाठी आलेला बाप सव्वीस दिवसांत सगळं आवरून जातो आणि मला एका शब्दाने सांगत नाही. ज्ञानेशचा मेसेज आला, सुखरूप पोचले. मी फोन केला नाही. दमलेही होते आणि रागही आला होता, आणि या दोन्हीतलं कुठलं जास्त ते मला हल्ली कळत नाही.

९ जून, गुरुवार

आज ओपीडीत केल्सकडचा एक म्हातारा शेतकरी आला, बायकोबरोबर. त्याचं काहीच म्हणणं नव्हतं, त्याला आणलं होतं. बोलत होती ती. नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "युअर मॅन कधी पोस्टाचं तिकीट विकत घेणार नाही, डॉक्टर, आणि हल्ली ट्रिमगेट स्ट्रीटवर एकेका दुकानाच्या काचेपुढे उभा राहतो. परवा बायकांच्या टोप्यांच्या दुकानापुढे पाच मिनिटं."

मी पेन खाली ठेवलं.

हे आम्हाला एमबीबीएसला शिकवलं होतं. मीही इथल्या पोरांना शिकवते. चालताना छातीत भरून आलं की काही माणसं चारचौघांत ते दिसू नये म्हणून दुकानाच्या काचेपुढे थांबतात. दुखणं गेलं की पुढे निघतात. विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

म्हाताऱ्याला तपासलं, ईसीजी, रक्त, भरती, सगळं केलं. मग स्टाफरूममध्ये जाऊन बॅगेतून ही डायरी काढली आणि पहिल्यापासून वाचली. भिंतीवर बसतात. समोरून वारा आला की दम लागतो. पिशवी उचलत नाहीत. जेवण कमी, पोट जड. जिभेखाली गोळी आणि तोंड बंद. पायऱ्यांवर घाम, रंग उतरलेला, हात गार. उतरायला त्रास नाही. सगळं माझ्या अक्षरात, तारीखवार. कुठल्याही विद्यार्थ्याने अशी हिस्टरी लिहून आणली असती आणि खाली निदान कोरं ठेवलं असतं, तर मी त्याला नापास केलं असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर दिवाच झोपला होता. आणि मी त्या माणसाला टोचून बोलून पायऱ्या चढायला लावलं.

एक वाजला होता, कराडला साडेपाच. फोन अण्णांनीच उचलला.

"अण्णा, चालताना छातीत भरून येतं का?"

म्हणाले, "दुकानं चांगली होती गं तिथली."

मग सगळं सांगितलं, कचेरीत अहवाल देतात तसं, क्रमाने. फेब्रुवारीत सदाशिवगडावर पहिल्यांदा दुखलं. मार्चमध्ये अँजिओग्राफी, तीन ठिकाणी अडथळे. बायपास करा म्हणाले. वीस जूनला पुण्यात तारीख घेतली आहे. तोवर गोळ्या घ्या, चढ टाळा.

"आणि मी चढायला लावलं तुम्हाला."

"पस्तीस पायऱ्या. मी मोजल्या. तेवढं चालतं."

"आयर्लंडला कशाला आलात अशा अवस्थेत?"

"ऑपरेशनच्या आधी तुम्हाला बघायचं होतं. नंतरचं कुणी पाहिलंय?"

"इथे सांगायचं होतं ना मला."

"सांगितलं असतं तर सोडलं असतंस का मला परत?"

"नाही."

"मग? तिथे ऑपरेशन, तिथेच तुझ्या ड्युट्या, रात्री उशाशी बसणं. अगं, तू जेवताना झोपतेस. मी तीन आठवडे तुला बघत होतो. मला बघशील एवढं तुझ्यात काही उरलेलं नव्हतं." आवाजात तक्रार नव्हती. तशी असती तर बरं झालं असतं.

"पासपोर्टवरचा 'सिंगल' हा शब्द तुम्ही वाचला होतात."

"छत्तीस वर्षं कागद वाचले गं मी. हातात पडला त्या दिवशीच वाचला. तारखेआधी लवकर जातो म्हटलं असतं तर तू दहा प्रश्न विचारले असतेस. कागदाला कुणी प्रश्न विचारत नाही. राजीवरावांना उगाच बोलणी बसली, तेवढं मनाला लागलंय. त्यांना सांग."

ज्ञानेशला सगळं माहीत होतं. दोघांनी मिळून तिकिटाची तारीख मे महिन्यातच ठरवून ठेवली होती. मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून रडले. ब्रीद नावाची सिस्टर चहा घेऊन आली आणि शेजारी उभी राहिली.

१० जून, शुक्रवार

राजीवला सगळं सांगितलं. त्याची माफी मागितली. तो वेळापत्रक घेऊन आला, अजून खिशातच होतं, आणि टेकडीच्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिला. म्हणाला, "त्यांनी लिफ्ट विचारली होती गं."

साहेबांकडे गेले. म्हटलं, वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन आहे, तीन आठवडे हवेत, जुलैच्या काँट्रॅक्टचं तुम्ही ठरवा. ते म्हणाले, आधी जा, मग बोलू. पाच वर्षं ज्या गोष्टीला घाबरत होते ती दोन मिनिटांत झाली. चार दिवस आधी विमानतळावर हेच करता आलं असतं.

अण्णांना फोन केला, येतेय म्हणून. आधी नको नको म्हणाले. मग विचारलं, "शिक्का आहे का परत जायचा?"

नाही. नीसला वापरून संपला.

१४ जून, मंगळवार. डब्लिन, रांगेत.

पहाटे साडेपाचपासून उभी आहे. पुढे चाळीस माणसं. तिकीट सतराचं, ऑपरेशन वीसला. आज शिक्का मिळाला नाही तर जाता येईल पण आशूकडे परत येता येणार नाही, आणि तरीही मी जाणार आहे. हे राजीवला सांगितलंय. तो म्हणाला, जा, पुढचं आपण बघू.

आज झोप येत नाहीये. आशूने आजोबांसाठी चित्र दिलंय. निळी खुर्ची, तिच्यावर मी तोंडावर टोपी घेऊन आडवी, शेजारी आजोबा. त्यांचे डोळे तिने उघडे काढले आहेत. म्हणाली, "दे वेअर ओपन देन, ममी. ही वॉज वॉचिंग यू."

अर्ज भरला. नाव, पत्ता, पासपोर्ट नंबर. प्रवासाचं कारण: वडिलांची शुश्रूषा. किती वेळा प्रवेश हवा, तिथे मल्टिपलवर खूण केली. बारीक अक्षरातल्या सूचनासुद्धा वाचल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पुन्हा एकदा वाचल्या, आणि मग सही केली.